एंडोस्कोपीनंतरची गुंतागुंत : आधी वेळ, मग रोबोट

तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात तपासणे म्हणजे एंडोस्कोपी. ही तपासणी सुरक्षित आहे. साध्या तपासणीत छिद्र पडण्याचा प्रकार हजारोंमध्ये एखाद्यालाच होतो. अरुंद झालेली अन्ननलिका फुग्याने रुंद करणे, गाठ काढणे किंवा पित्तनलिकेतील खड्यांसाठी ईआरसीपी करणे, यात मात्र धोका थोडा वाढतो.

"छिद्र पडलंच तर रोबोटिक सर्जरी असलेल्या हॉस्पिटलमध्येच न्यायचं का, डॉक्टर?" असे हल्ली नातेवाईक विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. अन्ननलिकेला छिद्र पडले की लाळ, अन्न आणि जंतू छातीत उतरतात. उपचाराला २४ तासांहून जास्त उशीर झाला, तर जिवाचा धोका बराच वाढतो. छिद्र लगेच लक्षात आले आणि लहान असले, तर पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. दुर्बिणीतूनच क्लिप लावतात किंवा आवरण असलेला स्टेंट बसवतात. सोबत तोंडाने काही न देणे, सलाईन आणि अँटिबायोटिक्स.

ऑपरेशन लागलेच, तर रोबोटचा उपयोग काय? एक गैरसमज आधी दूर करू. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. बाजूच्या कन्सोलवर बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. सर्जनला आतले चित्र मोठे आणि त्रिमितीत दिसते. अवजारे मनगटासारखी वळतात, म्हणून छातीत किंवा ड्युओडेनममागच्या अडचणीच्या जागी टाके घालणे सोपे जाते. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, सर्जनचा हात त्यावर बसलेला असेल, तर हा चांगला पर्याय आहे.

पण रात्री दोन वाजता रोबोटची टीम हजर असेलच असे नाही. यंत्र जोडायलाही वेळ लागतो. बीपी घसरलेल्या, सेप्सिस झालेल्या रुग्णाला पोट उघडून केलेले जलद ऑपरेशनच वाचवू शकते. शिवाय छिद्रासाठी रोबोट वापरल्याचे अनुभव अजून मोजक्या रुग्णांचे आहेत. लॅप्रोस्कोपीपेक्षा तो सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. खर्च मात्र नक्की वाढतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक सर्जरीला संरक्षण देण्यास सांगितले, तरी कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात. पॉलिसी आधीच वाचून ठेवा.

म्हणून एंडोस्कोपीआधी, विशेषतः ती उपचारासाठी असेल तर, हे विचारा : काही झाल्यास सीटी स्कॅन आणि सर्जन इथेच, रात्रीही मिळतील का? त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

आणि घरी आल्यावर घसा थोडा दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे चालते. पण छातीत, मानेत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, ताप, धाप, मानेवर सूज, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. काहीही न खाता-पिता थेट हॉस्पिटल गाठा. रोबोट कितीही हुशार असला, तरी वाया गेलेले तास तो परत आणू शकत नाही.