‘वैमानिकाची चूक’ : एका षष्ठीचा प्रश्न

विमान कोसळते, चौकशी होते, अहवाल येतो आणि लोकांच्या स्मरणात दोनच शब्द उरतात : ‘वैमानिकाची चूक’. व्याकरण शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना यातील षष्ठी विभक्ती खटकते. ‘वैमानिकाचे घर’ म्हणावे तशी चुकीची मालकी येथे एका माणसाच्या नावे लिहिली जाते. तो बहुधा हयात नसतो. त्यामुळे ती नाकारायलाही कोणी उरत नाही.

२२ मे २०१० ची सकाळ आठवावी. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला, डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरताना पुढे गेले आणि दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने कारण स्पष्ट शब्दांत सांगितले. विमान असावे त्यापेक्षा बरेच उंचावर होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सुचविले. यंत्राचे इशारेही वाजत राहिले. तरीही कॅप्टनने उतरणे थांबविले नाही. येथवर ते दोन शब्द खरे आहेत आणि ते खोडण्याची आमची इच्छा नाही.

परंतु अहवाल येथे संपत नाही. कॅप्टन प्रवासात बराच काळ झोपलेले होते. ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज आहे. जाग आल्यावरही बुद्धीवर काही काळ रेंगाळणारी जडता त्यांच्या निर्णयाच्या आड आली असावी, असे चौकशीने नोंदविले. हे उड्डाण उत्तररात्रीचे, म्हणजे शरीर सर्वांत मंद असते त्या वेळेचे. मंगळूरचे रडार तेव्हा बंद असल्याने विमान खाली आणण्यास उशीर झाला. शिवाय सहवैमानिकाने अशा प्रसंगी स्वतःच विमान वर न्यावे काय, याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या. भाषेच्या अध्यापकांनी या शेवटच्या मुद्द्यापाशी थांबावे. योग्य शब्द योग्य वेळी तीनदा उच्चारला गेला. तो अमलात आणण्याचा अधिकार मात्र कोणीही निःसंदिग्धपणे लिहून ठेवलेला नव्हता.

यावर कोणी विचारील, ‘मग जबाबदार कोणीच नाही का?’ आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जबाबदारी वाटली गेली म्हणून कमी होत नाही. प्रत्येक वाटेकऱ्याचे नाव वाक्यात यावे लागते. थकवा ही सबब नव्हे. पण दमलेल्या माणसाला आपण किती दमलो आहोत हेच कळेनासे होते. रात्री उशिरा तपासलेल्या उत्तरपत्रिका सकाळी पुन्हा पाहताना आम्हांला याचा अनुभव येतो. म्हणूनच विश्रांतीचा निर्णय दमलेल्यावर सोपविता येत नाही. तो नियमाने आधीच घ्यावा लागतो.

तो नियमही किती हलका ठरतो, हे अलीकडेच दिसले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या कामावर अधिक मर्यादा घातल्या. प्रत्यक्ष अंमल टप्प्याटप्प्याने २०२५ मध्ये झाला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून तिला तात्पुरती सूट देण्यात आली. विमानतळांवर खोळंबलेल्या प्रवाशांचे हाल खरेच होते. तरीही ज्या उत्तररात्रीविषयी मंगळूरच्या अहवालाने सावध केले होते, तिचीच मर्यादा अडचणीच्या दिवशी प्रथम सैल झाली. उद्या काही अघटित घडले, तर ही सूट कोणाच्या षष्ठीत लिहिली जाईल?

आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अपघाताच्या तांत्रिक चौकशीचा हेतू दोष ठरविणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. वाचकांनीही अहवाल त्याच हेतूने वाचावेत. ‘वैमानिकाची चूक’ हे वाक्य नव्हे, त्यात क्रियापदच नाही. ती कशी घडली, कोणी घडू दिली, हे सांगितल्यावाचून पूर्णविराम देण्याचा अधिकार आपल्याला नाही.