वृद्धाश्रम कशाने मोजावा?

आईवडिलांसाठी वृद्धाश्रम पाहायला गेलेल्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. आवार हिरवे आहे का, खोलीला स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, जेवण कसे असते, भजन-सहली होतात का, डिपॉझिटमधले परत किती मिळते. यांतला एकही प्रश्न गैर नाही. पण हे सगळे प्रश्न चालत्याफिरत्या, स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या माणसाचे आहेत. वृद्धाश्रमात राहायला आलेला माणूस काही वर्षांत तसा राहत नाही. कोणाला पक्षाघात होतो, कोणाचे खुब्याचे हाड मोडते, कोणाला जेवलो की नाही तेच आठवत नाही. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून वृद्धाश्रमाचा दर्जा इमारतीवरून ठरवू नये; तिथल्या सर्वांत परावलंबी माणसाची रात्र कशी जाते, यावरून ठरवावा. त्याला कितीदा कुशीवर वळवले, ओला डायपर किती वेळ अंगाखाली राहिला, हाक मारली तेव्हा मजल्यावर कोणी जागे होते का?

हे प्रश्न आपल्याकडे कायदा नीट विचारत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निर्धन वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाबद्दल बोलते. तिथल्या सेवांची मानके ठरवण्याची मुभाही राज्याला देते. पण वृद्धाश्रम काढण्याची सक्ती त्यात नाही आणि पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीची तरतूदही नाही. ती आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्त तिचे हिशेब पाहतात. माकडहाडावर जखम झाली का, हे हिशेबात दिसत नाही. याउलट काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी निवासी संस्था काढणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. ती न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अंथरुणाला खिळलेला माणूस लहान मुलाइतकाच परस्वाधीन असतो, मग संरक्षणात हा फरक का?

दर्जा बाजार आपोआप राखील, असे म्हणावे तर इथे गिऱ्हाईक कोण हेच धड ठरत नाही. पैसे भरणारा मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो, सेवा मिळते ती आईला, आणि आईला तक्रार करायची तर ती ज्यांच्या हातून पाणी पिते त्यांच्याविरुद्धच करावी लागते. मुलाच्या मनात आधीच अपराधी भावना असते, त्यामुळे तोही खोलात शिरत नाही. एकदा ठेवले की दुसरीकडे हलवणे दोघांनाही नको असते. दानशूरांवर विसंबावे तर दान दिसणाऱ्या गोष्टींकडे वळते. वाढदिवसाला गोडाचे जेवण दिले जाते, मग पंगतीत मधुमेही किती आहेत हे कोणी पाहत नाही. नव्या खोल्यांवर आजोबांच्या नावाची पाटी लागते. रात्रपाळीच्या मावशींच्या पगारावर मात्र कोणाच्याच नावाची पाटी लावता येत नाही.

म्हणून कायद्यानेच मानके घालावीत, आणि ती मोजता येणाऱ्या गोष्टींची. शय्याव्रण, म्हणजे अंथरुणात पडून राहिल्याने होणारी जखम, हा त्यातला सर्वांत बोलका पुरावा. हाडाच्या उंचवट्यावर दाब सतत राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची पद्धत आहे. संस्थेत राहत असताना झालेल्या अशा जखमांची संख्या तिथे हात किती अपुरे आहेत हे सांगून जाते. दर महिन्याचे वजनही तसेच. भरवायला अर्धा तास लागणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत उरकले, तर वजनकाटा ते लपवत नाही. यांच्या जोडीला पडण्याच्या घटना, हातपाय बांधून ठेवणे, शांत राहावे म्हणून दिलेली गुंगीची औषधे आणि रात्री जागे असलेले कर्मचारी यांची नोंद असावी. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी सक्तीची केली आणि कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवण्याला मनाई केली. पुढच्या दोन दशकांत तिथे माणसे बांधून ठेवण्याचे प्रमाण झपाट्याने घटले. तिथले वृद्धाश्रम आजही निर्दोष नाहीत, पण जे मोजले गेले ते बदलले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: तालुक्याच्या गावी धान्याच्या देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्था बंद पडतील आणि तिथली माणसे रस्त्यावर येतील. चौरस फूट आणि लिफ्टची मानके सर्वांना सरसकट लावली तर तसे होईलही. पण वजनकाटा, वही आणि कूस बदलणे यांना बांधकाम लागत नाही. रात्रीच्या माणसाला पगार मात्र लागतो, आणि तिथे सरकारने हात झटकू नयेत. निर्धनांसाठी तो खर्च अनुदानातूनच यायला हवा. शिवाय चालत्याफिरत्यांचे आणि अंथरुणावरच्यांचे असे दोन वर्ग करता येतील. दुसऱ्या वर्गाची कुवत नसलेल्या संस्थेने तशी माणसे घेऊ नयेत, आणि आधीपासून असलेली तशी झाली तर त्यांची सोय कुठे होणार हे प्रवेश देतानाच लेखी सांगावे.

दुसरा आक्षेप इन्स्पेक्टर राजचा. कागद रंगवले जातील आणि पाकिटे फिरतील, ही भीती निराधार नाही. अमेरिकेतही संस्था कर्मचाऱ्यांचे आकडे फुगवून सांगत. म्हणून २०१६ पासून ते पगाराच्या नोंदींवरून घेतले जाऊ लागले. आपल्याला तोच धडा उपयोगी आहे: ड्यूटीचा तक्ता पगारपत्रकाशी ताडून पाहावा, अहवाल फाइलीत न ठेवता दर्शनी भागात लावावा आणि तपासणी एकट्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवू नये. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्या सदस्यांना कधीही, न कळवता आत येण्याचा हक्क दिला, तर पाकीट देऊन सगळ्यांची तोंडे बंद करणे अवघड जाईल.

उरतो तो संस्कृतीचा आक्षेप: आईबाप घरीच असावेत, वृद्धाश्रम सुधारणे म्हणजे त्या व्यवस्थेला प्रतिष्ठा देणे. पण पंच्याऐंशीच्या आईची लेक स्वतः साठीची असते आणि तिचेही गुडघे दुखत असतात. मुलांनी पोटगी द्यावी असा आदेश २००७ च्या कायद्याखालचे न्यायाधिकरण देऊ शकते, रात्री कूस बदलणारा हात देऊ शकत नाही. शिवाय वृद्धाश्रमाला कलंक मानल्याने माणसे तिथे जायची थांबत नाहीत, फक्त तिथल्या उणिवांबद्दल उघडपणे बोलायची थांबतात. पुढचे विधेयक येईल तेव्हा त्यात खोलीच्या आकाराआधी जखमा, वजन, बांधून ठेवणे आणि रात्रीचे मनुष्यबळ यांचे आकडे जाहीर करण्याची सक्ती असावी. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपला वृद्धाश्रम चांगला आहे अशी खात्री असलेल्या संस्थेने हे आकडे आजच फलकावर लावावेत. इतरांना मग ते न लावण्याचे कारण द्यावे लागेल.