पाचट जाळू नका, जमीन झाका



जगाचं तापमान वाढत आहे. कोळसा, तेल जाळून निघालेला कर्बवायू उष्णता धरून ठेवतो. त्यात २०२३ साली प्रशांत महासागरात एल निनो झाला आणि देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला.

आपल्या तालुक्यात नाणेघाटात धो धो कोसळणारे ढग आणे पठारावर येईतो रिते होतात. इथं जमिनीतली ओल हाच ठेवा. तरी ऊस तुटला की पाचटाला काडी लागतेच!

"एका फडानं जग थोडंच तापतं?" असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण आपली जमीन तापते ना! पाचट सरीत पसरा. ओल टिकेल, पाण्याची पाळी लांबेल, खोडव्याला खत मिळेल. आभाळ आपल्या हाती नाही, काडीपेटी आहे.