फाळाची धार आणि पलिष्ट्यांचे ठाणे

गेल्या वर्षी एका वादविवाद स्पर्धेत विरुद्ध बाजूच्या वक्त्याने आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 'फिलिस्टाईन' म्हटले. सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, कारण शब्दाचा अर्थच मला ठाऊक नव्हता. शिक्षण मराठी माध्यमातले. इंग्रजी शिवीसुद्धा आम्हाला कोश उघडल्याशिवाय लागत नाही. घरी येऊन कोश पाहिला. विद्या-कलेची चाड नसलेला, पैशापलीकडे न पाहणारा माणूस, असा अर्थ निघाला. मग मात्र शिवी लागली.

हा शब्द ज्यांच्या नावावरून आला ते लोक बायबलात भेटतात. मराठी बायबलात ते पलिष्टी आहेत, कन्नड बायबलात फिलिष्टिय. जर्मन विद्यापीठांतले विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच्या गावकऱ्यांना या नावाने हिणवू लागले आणि पुढे मॅथ्यू अर्नोल्डने १८६९ च्या आपल्या ग्रंथातून तो शब्द इंग्रजीत रूढ केला. म्हणजे ही शिवी मुळात कॉलेजातच वाढली! खरे पलिष्टी इ. स. पूर्व बाराव्या शतकात समुद्रमार्गे आले आणि गाझा, अश्कलोन, अश्दोद, गथ व एक्रोन या पाच नगरांत राहिले. त्यांच्या मडक्यांवर तांबड्या-काळ्या रंगात मान मागे वळवलेले पक्षी आहेत. एक्रोनच्या उत्खननात नंतरच्या काळातले तेलाचे शंभराहून अधिक घाणे निघाले. यांना अडाणी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

पण माझे मन अडकले ते त्यांच्या ठाण्यांत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इ. स. पूर्व अकराव्या शतकाची कथा आहे. पलिष्टी किनाऱ्यावरचे, इस्राएली डोंगरातले. तरीही गेबा येथे, मिखमाशच्या घाटात आणि दावीदाच्या गावी बेथलेहेमात ठाणी पलिष्ट्यांची. मिखमाशच्या छावणीतून लुटारूंच्या तीन टोळ्या तीन दिशांना जात. शौलाचा मुलगा योनाथान आपल्या एका शस्त्रवाहकासह कडा चढून गेला आणि त्याने ठाण्यातली वीसेक माणसे मारली, हा प्रसंग सर्वांना आवडतो. मलाही आवडतो. पण त्याच्या थोडे आधी एक रूक्ष मजकूर येतो आणि वाचणारे तो ओलांडून पुढे जातात. इस्राएलात कुठेही लोहार उरला नव्हता, कारण त्यांनी तलवारी-भाले घडवू नयेत अशी पलिष्ट्यांची इच्छा. म्हणून फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला प्रत्येकाला डोंगर उतरून पलिष्ट्यांकडे जावे लागे. आणि पुढे चक्क दरपत्रक आहे.

या दरपत्रकात 'पीम' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ शतकानुशतके कोणालाच लागेना. १६११ च्या इंग्रजी बायबलात भाषांतरकारांनी तिथे कानस घातली! पुढे जमिनीतून लहान लहान दगडी वजने निघाली, त्यांवर हाच शब्द कोरलेला, प्रत्येकाचे वजन ७.८ ग्रॅमच्या आसपास. पीम म्हणजे शेकेलचे दोन तृतीयांश. शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याएवढा. नाणी अजून निघायची होती. चांदी तोलून द्यावी लागे. भल्या भल्या पंडितांना न सुटलेले कोडे वाण्याच्या तागडीने सोडवले, याचा मला थोडा आनंद झाला हे लपवत नाही.

आता हा दर महाग की स्वस्त? याच पुस्तकात शौल हरवलेल्या गाढवी शोधत हिंडत असता, द्रष्ट्याला भेट म्हणून द्यायला त्याच्या चाकराजवळ पाव शेकेल चांदी असते. म्हणजे देवाच्या माणसाला द्यायच्या भेटीपेक्षा फाळाची धार अडीचपटीहून महाग! असा शेतकरी दर हंगामाला चांदी मोजायला खाली उतरत असेल, तर ठाण्यातल्या भालाइतांना फारसे काम उरत नाही. इतिहासाच्या तासाला आपण लढाया पाठ करतो, पण पलिष्ट्यांची पकड खरी भट्टीवर होती, असे माझे मत आहे.

यावर दोन आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. सापडलेली पीमची वजने बहुतेक आठव्या-सातव्या शतकातली, शौलानंतर तीनेकशे वर्षांची. तेव्हा दर शौलाच्या काळचा की लिहिणाऱ्याच्या काळचा, हा प्रश्न उरतो. शिवाय पलिष्ट्यांची लोखंडावर मक्तेदारी होती असे पुस्तकांतून सर्रास लिहितात, पण मूळ मजकुरात लोखंडाचे नाव नाही आणि उत्खननानेही तशी मक्तेदारी दाखवलेली नाही. मान्य. तरी लिहिणाऱ्याने परदास्य दाखवताना चाबूक दाखवला नाही, धारेचा दर दाखवला. सामान्य माणसाला परसत्ता कुठे बोचते, हे त्याला नेमके कळले होते.

दुसऱ्या बाजूचे काय? पलिष्ट्यांची वही आपल्याजवळ नाही. इ. स. पूर्व ६०४ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने अश्कलोन जाळले आणि पलिष्टी समाज म्हणून पुन्हा उभे राहिले नाहीत. १९९६ मध्ये एक्रोनला एक शिलालेख मिळाला, अवघ्या पाच ओळींचा. बाकी सारी साक्ष त्यांच्या शत्रूची. एकाच पक्षाच्या खतावणीवरून हिशेब तपासला तर आमचे प्राध्यापक गुण देत नाहीत. पण तेवढ्यावरच एका अख्ख्या लोकसमूहाचे नाव शिवी होऊन बसले.

तरी त्या शत्रूने एक नोंद प्रामाणिकपणे ठेवली आहे. बेथलेहेमच्या ठाण्यामुळे ज्याला आपल्याच गावच्या विहिरीचे पाणी मिळेना, तोच दावीद राजा झाल्यावर अदोम देशभर आपली ठाणी बसवतो, आणि तिथे हिब्रू शब्दही गेबाच्या ठाण्याचाच येतो. अदोमच्या शेतकऱ्याला त्या ठाण्याखाली काय मोजावे लागले, ते मात्र लिहिलेले नाही.