पाचशे डॉलरांत घरचा कॉम्प्युटर

यंदाच्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात हातावर तिळगूळ ठेवता ठेवता आपल्या एका भगिनीने मला विचारले, "काका, पाचशे डॉलरांत घरी कॉम्प्युटर होईल का हो?" तिच्यामागे तिचा दहावीतला मुलगा उभा होता. तोही मला काकाच म्हणतो; नात्यांचा हिशेब न्यू जर्सीत कुणी फारसा ठेवत नाही.

प्रश्न साधा असला तरी त्यामागची परिस्थिती साधी नव्हती. यजमानांची नोकरी नोव्हेंबरात गेलेली. बाईंनी बुककीपिंगचा कोर्स घेतला आहे आणि टॅक्सच्या हंगामात ओळखीच्या दोन-तीन दुकानदारांचे हिशेब मिळण्याची आशा आहे. घरातला कॉम्प्युटर २०१३ सालचा. त्यावर विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लोकांच्या पैशांचे हिशेब अशा मशीनवर ठेवणे बरे नव्हे. म्हणजे हे पाचशे डॉलर हौसेचे नव्हते. ते चुकीच्या जागी गेले असते तर पुन्हा पाचशे उभे राहिले नसते.

मुलाने खिशातून यादी काढली. पाचशेपैकी तीनशे डॉलर एकट्या ग्राफिक्स कार्डाचे! समोर काच असलेली, रंगीत दिव्यांची पेटी. यादीच्या अगदी तळाशी पॉवर सप्लाय, त्यापुढे लिहिले होते, "जुना चालेल." मी तिळगूळ खाल्ला होता म्हणून गोड बोललो.

वाचकहो, मी पहिला कॉम्प्युटर जोडला तो १९९४ साली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग पिशवीत घालून घरी आणून. तेव्हा मध्यमवर्गीय घरात 'असेंबल्ड'च घ्यायची पद्धत होती, आणि दुकानदार सगळ्यांत आधी प्रोसेसरचा आकडा ऐकवायचा. गिऱ्हाईकही तोच आकडा शेजाऱ्याला ऐकवायचे. आजही तेच चालले आहे, फक्त आकड्याबरोबर दिवे आले. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पैसे थोडे असतील तर ते आधी अशा भागांवर घालावेत जे बिघडले तर दुसऱ्यालाही घेऊन जातात. ज्या भागांची जाहिरात होते त्यांचा नंबर शेवटी.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. २००३ साली इथे आमच्या घरी मी एक मशीन जोडले. पेटीबरोबर पॉवर सप्लाय फुकट आला होता, म्हणून मी खूष. आठ महिन्यांनी एका रात्री फट् असा आवाज झाला, जळका वास आला. सप्लाय गेला, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्कही घेऊन गेला. वडील अमेरिकेत एकदाच आले, २००२ च्या उन्हाळ्यात. त्यांचे नायगऱ्याचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती. चाळीस-पन्नास डॉलर वाचवले होते मी!

पॉवर सप्लायचे काम म्हणजे भिंतीतल्या १२० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून सगळ्या भागांना वाटणे. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज वाढले किंवा कुठे शॉर्ट झाला तर आपण होऊन बंद पडण्याची सोय असते. स्वस्तातल्या बेनावाच्या सप्लायमध्ये ती असेलच याची खात्री नाही. '८० प्लस'चा शिक्का पाहून भुलू नये. तो शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो, संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. वॉटचा मोठा आकडाही नको. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय भरपूर होतो. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. मी पाच वर्षांच्या खाली घेत नाही. (मशीन पुढे भारतात न्यायचे असेल तर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले आहे ना, तेही पाहावे. मागे लहानसा लाल खटका असेल तर तो न फिरवता २३० व्होल्टला लावणाऱ्याची कहाणी प्रत्येक कुटुंबात एक तरी असते.)

मुलगा म्हणाला, "पण काका, जुना चालतोय ना!" चालतोय, पण बारा वर्षे चालतोय. जुनी पेटी ठेव, जुना मॉनिटर ठेव, कीबोर्ड ठेव, सप्लाय नवा घे, असे मी त्याला सांगितले. सुदैवाने ती पेटी वडिलांनीच जोडलेल्या मशीनची होती, सर्वसाधारण एटीएक्स मापाची. बड्या कंपन्यांच्या तयार ऑफिस मशीनच्या पेट्यांत पुष्कळदा सप्लाय आणि बोर्ड त्यांच्याच मापाचे असतात, दुसरे बसत नाहीत.

आता ग्राफिक्स कार्ड. ते अजिबात नको. प्रोसेसर असा घ्यावा की ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ साली आलेला सहा कोरचा प्रोसेसर या कामाला अजून उत्तम आहे, आणि डब्यात त्याचा पंखाही येतो. नावातले शेवटचे अक्षर नीट वाचा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असला तरी नाही. दहा-वीस डॉलर स्वस्त म्हणून 'एफ'वाला उचलला तर पडद्यावर काहीच दिसणार नाही आणि मग कार्ड घ्यावेच लागेल. मदरबोर्डात मात्र मिरवण्यासारखे काही नसते. प्रोसेसर आणि रॅम ज्यात बसतात असा साधा, ए५२० किंवा बी५५० चिपसेटचा घ्यावा. फार दिवस दुकानात पडलेला असेल तर त्याचे बायॉस नवे आहे का, एवढे विचारून घ्यावे.

रॅमचे मात्र यंदा वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या उत्तरार्धापासून भाव भडकले. ३२ जीबीचा मोह टाळावा. हिशेब, ईमेल, मुलांचा अभ्यास यांना १६ जीबी पुरते. ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण पोटातले ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांनी त्याला रस्ता रुंद मिळतो. ५६००जीला डीडीआर४ लागते. डीडीआर५ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, तेव्हा जोर लावू नये.

डिस्क म्हणून ५०० जीबीची एसएसडी, नावाजलेल्या कंपनीची. वीस डॉलरांत १६ टीबी अशा जाहिराती दिसतात, त्या निव्वळ फसवणूक आहेत. आत लहानसे कार्ड असते आणि ते खोटे माप सांगते. आणि एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता जाते, जुन्या डिस्कसारखी कुरकुरत नाही. म्हणून बाहेरून जोडायची एक डिस्क हवीच, आणि आठवड्यातून एकदा तीवर प्रत. माझ्या यादीत ती पंख्याच्या आणि पेटीच्याही आधी येते.

एक खर्च सगळेच विसरतात, तो विंडोजचा. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज ११ होम घेतले तर १३९ डॉलर! पाचशेच्या बजेटात हा घास मोठा आहे. इथे मी बाईंना आधी कोर्सवाल्यांना विचारायला सांगितले. उत्तर आले की सगळे काम आणि परीक्षाही ब्राउझरमध्ये. मग मुलाने लिनक्स मिंट फुकट उतरवून घेतले. विंडोज लागणारच असेल आणि घरी जोडायची हौस नसेल, तर ऑफिसांनी काढलेली रिफर्बिश्ड मशीन घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण लायसन्स त्यातच येते. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा नंतरची पाहावी. सहावी-सातवी फार स्वस्त मिळते, पण विंडोज ११ च्या यादीत ती बहुतेक बसत नाही.

पॅटरसनच्या मायक्रो सेंटरमध्ये आम्ही तिघे गेलो. काउंटरवरच्या पोराने स्टोअर कार्ड पुढे केले, "बारा महिने व्याज नाही." बाई माझ्याकडे पाहू लागल्या. अशा योजनांत पुष्कळदा 'डिफर्ड इंटरेस्ट' असते: बाराव्या महिन्याअखेर एक डॉलर जरी बाकी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागते. घरात एकच पगार, तोही बंद, अशा वेळी ही जोखीम घेऊ नये. त्यांनी रोख दिले. ६.६२५ टक्के विक्रीकर धरून हिशेब चारशे ऐंशीच्या आत राहिला.

मशीन मुलाने त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जोडले, मी चहा घेत बसलो होतो. पहिल्यांदा बटण दाबल्यावर काहीच झाले नाही. त्याने प्रोसेसरला जाणारी वेगळी वायर लावली नव्हती. ती लावल्यावर सुरू झाले. काचेची पेटी नाही म्हणून तो थोडा खट्टू आहे, पण कॉलेजात गेल्यावर कार्ड घालायला जागा रिकामी ठेवली आहे, हे त्याला दाखवून ठेवले.

बाहेरची डिस्क मात्र बजेटात बसली नाही. माझ्याकडे एक जादा होती, ती मी दिली आहे. दुकानदाराचे पहिले पैसे आले की नवी घेऊन ही परत करीन, असे बाईंनी बजावून सांगितले. पाडव्यापर्यंत, म्हणाल्या.