बाईचा वेष, पुरुषाचा चेहरा

केरळच्या कथकलीत दमयंती, द्रौपदी पिढ्यान् पिढ्या पुरुषच रंगवत आले. राजाच्या वेषासाठी नट जमिनीवर उताणा पडतो, हिरव्या चेहऱ्याच्या कडेने तांदळाच्या पिठीची ‘चुट्टी’ चढते. तास न् तास जातात. बाईला हे झेपायचं नाही म्हणे! दिवसभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाईला?

१९३० साली निघालेल्या केरळ कलामंडलमने कथकलीचे वर्ग मुलींना खुले केले ते २०२१ साली. बायका तोवर थांबल्या नव्हत्या. चवरा पारुकुट्टी कित्येक दशकं रंगमंचावर होत्या. त्रिपुणितुऱ्याला १९७५ साली फक्त बायकांचा संच उभा राहिला. राजे, राक्षस सगळे त्यांनीच केले. आता दार उघडलं म्हणून आभार कसले मानायचे? उशिराचा जाब विचारायला हवा. आणि मैत्रिणींनो, बालगंधर्वांच्या शालूवर आपणही अजून भाळतोच की!