माशांचा श्वास

उन्हाळ्याच्या अखेरीस डोहांत मासे पालथे पडूं लागले कीं ‘कोणी तरी विष कालवलें’ अशी आवई उठते. कधीं तें खरेंही असतें. परंतु आमच्या मतें पुष्कळदां ते मासे विषानें नव्हे, तर गुदमरून मरतात.

जलचर ज्या प्राणवायूवर जगतात तो हवेंतून व पाणवनस्पतींपासून येऊन पाण्यांत विरघळलेला असतो. त्याचा सांठा फारच थोडा. एक लिटर हवेंत सुमारें २८० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. तितक्याच गोड्या पाण्यांत, २० अंश उष्णतामान असतां, अवघा ९. पाणी ३० अंशांपर्यंत तापलें कीं तो साडेसातांवर येतो. बहुतेक माशांस ५ तरी हवाच. दोनांखालीं उतरला कीं ते वर येऊन तोंडांची उघडझांप करूं लागतात. तें पाहून ‘मासे खेळताहेत’ म्हणणारे शहाणेही आहेत!

हा तुटपुंजा सांठा लुटतो कोण? सडणारा प्रत्येक पदार्थ. निर्माल्य, शेण, सांडपाणी कुजविणारे सूक्ष्म जंतु तो खाऊन टाकतात. मुंबईच्या बाणगंगा तलावांत पितृपक्षांतील अन्नामुळें मासे मेल्याचीं वृत्तें एकाहून अधिक वेळां आलीं आहेत. तें अन्न कांहीं विष नव्हतें. शेतांतून वाहून येणाऱ्या खतानें शेवाळ माजतें. तें दिवसा प्राणवायु देतें खरें, पण रात्रीं स्वतःच घेतें. म्हणून पहांटेची वेळ माशांस सर्वांत कठीण.

१९३० सालीं मुंबईंत बलिदान केलेले हुतात्मा बाबू गेनू हे महाळुंगे पडवळचे. डिंभे धरणाच्या जलाशयास त्यांचेंच नांव आहे. त्या धरणाखालीं घोड नदी आपल्या आंबेगांव तालुक्यांतून वाहते. खडकांवरून खळाळणारें पाणी हवा घेतें, बंधाऱ्यामागें तुंबलेलें फारशी घेत नाहीं. बंधारे नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. शेती त्यांवर आहे. परंतु तुंबल्या पाण्यांत घाण सोडणें म्हणजे बंद खोलींत शेगडी पेटविणें होय.

शाळांनीं हा प्राणवायु मोजावा, अशी आमची सूचना आहे. विंक्लर या हंगेरियन शास्त्रज्ञानें १८८८ सालीं दिलेली रीत आजही चालते. बुडबुडा न राहील अशी बाटली भरून, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, तींत मँगनीजचा क्षार व आयोडाइडमिश्रित अल्कली घालावी. सांका तपकिरी झाला तर प्राणवायु आहे. पांढराच राहिला तर नाहीं. पुढें नेमकें प्रमाणही काढतां येतें. पालकांनीं पहांटे मुलांबरोबर बंधाऱ्यावर जावें. पुढच्या खेपेस विषाची आवई उठेल तेव्हां गांवांत निदान एक वही तरी असेल, जींत आदल्या पंधरवड्याचे आंकडे लिहिलेले असतील.